उजव्या कानावरची वाटी

१२ नोव्हेंबर
घसा बसला! साखर कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू होऊन दहा दिवस झाले, आणि मी नुसती ओरडतेय. मिल हाऊसमध्ये रोलर उसावर फिरायला लागले की शेजारचा माणूसही मुका वाटतो. आज सगळ्यांना इयरमफ वाटले, स्वतःही घातला. आता कोण काय बोलतंय ते देवालाच ठाऊक!

१५ नोव्हेंबर
साहेबराव फिटर — वडगाव निंबाळकरचे, डावखुरे, याच मिलवर सव्वीस हंगाम काढलेले. मी बोलायला गेले की इयरमफची उजव्या कानावरची वाटी वर! "खाली घ्या" म्हटलं की घेतात. पुढचं वाक्य बोलले की पुन्हा वर. पालथ्या घड्यावर पाणी.

१८ नोव्हेंबर
आज हट्टानं दिवसभर इयरमफ काढला नाही. आणि काय — ऐकू येतं की! मशीनचा आवाजही कमी होतो ना. समोरच्यानं जवळ येऊन मोठ्यानं बोलायला हवं, बस. पण कान झाकले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, मग माणूस हळू बोलतो. मीही तेच करत होते. वर चिडत होते लोकांवर!

२० नोव्हेंबर
भिंतीवर पाटी लावली — कान उघडू नका, जवळ येऊन मोठ्याने बोला. साहेबरावांनी सगळी वाचली. मग माझ्याकडे वळून, वाटी वर करून : "ब्येस लिवलंय, मॅडम."
डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

२४ नोव्हेंबर
साहेबरावांच्या नावे मेमो टाइप केला. त्यांचा हा शेवटचा हंगाम. मेमो लागला की मिलवरून उचलून गेटवर बसवणार. वाईट वाटतंय. पण किती वेळा सांगायचं? उद्या बारामतीहून कान तपासणारी गाडी येतेय, ते उरकलं की देतेच.

२६ नोव्हेंबर
रिपोर्ट आले. साहेबरावांचा डावा कान बरा. उजवा जवळजवळ गेलेला.
ऑफिसात बोलावलं. मेमो टेबलावरच होता. म्हटलं, "उजव्यानं ऐकूच येत नाही, तर तोच उघडता कशाला?"
"ऐकाया न्हाय, मॅडम. सायेब माणूस बोलतंय आन् आपण कान झाकून हुबं ऱ्हायचं? बरं दिसतं व्हय? आदी कापसाचा बोळा काडायचो, आता ही वाटी. डाव्या हातात पाना आसतो, म्हून उजवा."
सव्वीस वर्षं! जो साहेब आला त्याच्यासाठी हाच कान उघडा. आणि आता मी — कान सांभाळा हे सांगायला दिवसातून पाच वेळा जाणारी. फार लाज वाटली. मेमो फाडला.

२७ नोव्हेंबर
मिलवर साहेबराव समोर आले. सवयीनं मी तोंड उघडलं. त्यांचा हात वाटीकडे निघाला.
मी तोंड मिटलं. हात खाली गेला.