एक जूनची जुळी भावंडं

कलबुर्गी, १२ मार्च

तीर्थरूप अनसूयाअक्कास,

धाकट्या संकर्षणाचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? कारखान्याचं गाळप संपल्यावर भावजींचा खोकला थांबला का? (खोकला कारखान्याच्या धुरानं होतो असं ते म्हणतात, सिगारेटचं नाव घेत नाहीत.) इकडे सगळे खुशाल, मी सोडून.

आमच्या विद्यापीठाच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर तुला ठाऊक आहेच. सव्वीस वर्षं तो फक्त माझं ऐकायचा. डावीकडून चापट मारली की सुरू व्हायचा, आणि दर खंडेनवमीला मी त्याला हळदकुंकू वाहायचो. आता त्याच्या जागी नवीन आलाय, आणि नऊशे कर्मचाऱ्यांची माहिती त्यात हलवायची जबाबदारी माझ्यावर पडली. भर मीटिंगमध्ये मी सांगितलं, एक चूक निघाली तर मिशी काढीन. नव्या यंत्रानं दहा मिनिटांत हात टेकले. नऊशेपैकी सहाशे माणसं एक जूनला जन्मलेली! बेंगळुरूच्या कंपनीची हर्षिता नावाची मुलगी आहे, तिनं विचारलं की त्या दिवशी इकडे लेकरांचा पाऊस पडतो का. मी तिला समजावलं, आमच्याकडे लेकरू आई जन्माला घालते, पण तारीख शाळेचे मास्तर घालतात. अप्पांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी निंबर्ग्याच्या शाळेत नेलं आणि मास्तरांनी दोघांनाही एकच एक जून, एकच साल लावून टाकलं, तेव्हापासून आपण कागदोपत्री जुळे आहोत, हेही सांगितलं. शिवाय दर ३१ मे रोजी निम्मं ऑफिस एकदम निवृत्त होतं आणि निरोपाला हार घालायला माणूस मिळत नाही. ती इतकी हसली की चहा सांडला, तोही नव्या यंत्रावर.

मग खऱ्या तारखा शोधायला समिती नेमली. अध्यक्ष मीच. मीच आदेश काढला की कागद नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्याचं हस्ताक्षरातलं पत्र चालेल. आदर्श म्हणून पहिला अर्जही माझाच दिला. परवा जुना कॉम्प्युटर टेम्पोत चढवताना शिपाई माणिकप्पा म्हणाला, "सायेब, मशीन तर चालली. तुमी कवा जायलाव?" सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगतो अक्का, मला निवृत्तीची भीती वाटते. यंदाच्या ३१ मेनंतर सकाळी डबा घेऊन कुठं जायचं, हे मला सुचत नाही.

भावजींना नमस्कार. मिशी अजून आहे, पण कडेनं बारीक करतोय.

तुझा,
संकर्षण

ता. क. : मास्तरांनी माझं वय दोन वर्षं वाढवून लावलं, असं आई म्हणायची. आता वडीलधारी तूच. तेवढं पत्र लिहून पाठव. आठवेल तेच लिही, पण आठवताना मला जरा लहानच आठव.

ता. ता. क. : पाकीट शोधायला ट्रंक उघडली, तर अप्पांच्या हातची माझी जन्मपत्रिका निघाली. मी सव्वा वर्षानं मोठा निघालो! म्हणजे गेल्या मार्चमध्येच निवृत्त झालोय आणि वर्षभर ऑफिसात उगाच बसून आहे. (साहेब हेच म्हणत होते.) तेव्हा अक्का, काही आठवू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, आम्ही जुळे.