पाट्याच्या सुरीची धार

माय, तुझी पाट्याची सुरी मी परवा माळ्यावरून खाली काढली. तू गेल्यावर अकरा वर्षं ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पडली होती. मीच ठेवली होती, आणि डोळ्यांसमोर नको म्हणूनच ठेवली होती. आपण दोघी बोलायचो अहिराणीत, पण लिहायला बसले की माझा हात कचेरीच्या मराठीतच चालतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, मायले काय अर्ज लिखी ऱ्हायनी का. असू दे, अर्ज तर अर्ज.

निमित्त झालं कच्च्या पपईचं. आपल्या शहाद्याकडे पपईला काय तोटा, ओळखीच्या शेतकऱ्यानं दोन आणून दिल्या. मी हल्ली वापरते ती बाजारची चकचकीत सुरी सालीवरून घसरली आणि डाव्या अंगठ्यात शिरली. टाके पडले नाहीत, पण सुनेनं घर डोक्यावर घेतलं. मुलानं मोबाइलवरून धार लावायचं यंत्र मागवलं. त्याच्या फटीत सुरी घालायची आणि ओढायची. चार दिवस बरं चाललं, पाचव्या दिवशी टोमॅटो पुन्हा चेंगरायला लागला. शेजारीण म्हणाली, चिनीमातीच्या कपाच्या बुडाला खरखरीत कडं असतं, त्यावर घासून बघा. घासलं. तेवढ्यापुरती धार येते, टिकत नाही. सून म्हणाली, आई, तुम्ही चिरूच नका, मी आहे ना. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला एकदम तुझा चेहरा आठवला. त्या संध्याकाळी मी माळ्यावर चढले.

ती सुरी तू लग्नानंतर विसरवाडीच्या लोहाराकडून करून घेतलेली, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याची. काळी, जड, मूठ बाभळीची. डोळे गेल्यावर तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा दोन लुगडी आणि ही सुरी एवढंच घेऊन आली होतीस. एका डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यानं उजेड तेवढा कळायचा. तरी मी कचेरीतून येईपर्यंत तुझी भाजी चिरून तयार. मी विळीवर बसणारी, तुझ्या सुरीला हात लावत नसे. आणि एक दिवस शेजारणीचा फोन आला की तुझं बोट कापलंय. साहेबांची तपासणी चालू होती, अर्धी रजा मागून मी धावत आले. तू फडक्यानं बोट बांधून बसलेली, वर मलाच विचारतेस, जेवलीस का. मी तुला बोलू नये ते बोलले. दिसत नाही तर स्वस्थ का बसत नाहीस, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू न्हाणीत गेलीस तेव्हा मी ती सुरी मागच्या दारी नेली आणि तिची धार दगडावर उलटी घासून पार मारून टाकली. कुणाला सांगितलं नाही. आठवडाभरानं आपण जेवत होतो आणि तू सहज म्हणालीस, “मन्हा हातमा आते जोर नही ऱ्हायना, पोरी. संध्याकायनी भाजी तूच चिरत जाय.” तेव्हापासून मी कचेरीतून आले की तुझ्याजवळ बसून चिरायची, आणि तू मला गावाकडच्या गोष्टी सांगायचीस. तुला पुन्हा कधी कापलं नाही. मी मनात म्हणायची, बघ, शहाणपणा केला की नाही. पण तू गेलीस आणि ते वाक्य माझ्या छातीवर बसलं. तुझ्या हातात जोर होता. मी सुरी मारली आणि तुला वाटलं हातच गेले. तुझं स्वयंपाकघर मी काढून घेतलं आणि त्याचा दोष तुझ्या म्हातारपणावर टाकला. ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगू शकले नाही.

तर परवा ती सुरी घेऊन मी बसस्टँडजवळच्या धारवाल्याकडे गेले. सायकलवर साणेचं चाक घेऊन आपल्या गल्लीत यायचे ते चाचा तुला आठवतील. आता मुलाचं मोटरवरचं दुकान आहे, चाचा नुसते खुर्चीवर बसतात. त्यांनी फडकं सोडलं, सुरी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “हाई तं मायनी सुरी.” मी म्हटलं, तुम्हाला कशी माहीत. म्हणाले, महिन्यातून एकदा तरी हिला धार लावायचो. मी कचेरीत असायची तेव्हा तू त्यांच्या सायकलची घंटी ऐकून ओट्यावर यायचीस. पहिल्या वेळी तू त्यांना म्हणाली होतीस, पोरनी धार घसी टाकी, तिले सांगू नको.

मी तिथंच बाकावर टेकले. विचारलं, मग हातात जोर नाही असं का म्हणाली. चाचा हसायला लागले. “मी बी तेच पुसं. तं म्हने, जोर नही असं सांगं म्हनीसन पोर मन्हाजोडे बठीसन भाजी चिरस. खरं सांगी दिधं तं उठी जाई.”

माय, मी भर दुकानात रडले आणि हसले. तू दिवसा तुझ्या धारदार सुरीनं हवं ते कापत होतीस, आणि मी जवळ बसावं म्हणून संध्याकाळी मला बनवत होतीस. काय पक्की होतीस गं. अकरा वर्षांचं ओझं एका खुर्चीवरच्या म्हाताऱ्यानं चुटकीसरशी उतरवलं. तुला पुन्हा कापलं नाही ते सुरीला धार होती म्हणून, हेही त्यांनीच समजावलं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती घसरते. चाचांनी त्यांच्या मुलाला मोटर सुरू करूच दिली नाही. मोटरच्या चाकावर हे लोखंड तापून नरम पडतं, म्हणाले, घरीच दगडावर लाव.

आता तेच करते. एका अंगाला खरबरीत आणि दुसऱ्या अंगाला गुळगुळीत असा दगड आणला आहे. तो पाण्यात भिजवायचा, खाली ओलं फडकं घालायचं, सुरीची पाठ करंगळी जाईल इतकी उचलायची आणि घाई करायची नाही. रविवारी सकाळी पंधरा मिनिटं पुरतात. यंत्र माझ्या मुलाला परत केलं. सून बघत उभी राहते, मी तिलाही दोन हात मारायला लावते. काल तुझ्या सुरीनं पपई चिरली, साल लोण्यासारखी निघाली.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. हातात जोर नाही असं तू म्हणालीस तेव्हा मला वाईट वाटलं होतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या वेळी मला बरं वाटलं होतं. आता पुन्हा रजा मागावी लागणार नाही, एवढंच मनात आलं होतं.