सैल स्टिअरिंग आणि उलटा नळ

प्रिय छोट्या मालकीणबाई,

बाबांचं पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. हल्ली तू फोनवर फक्त आईशी बोलतेस आणि मी शेजारच्या खोलीत पेपर वाचण्याचं सोंग करतो. रुसवा समजतो मला. त्या दातांच्या डॉक्टरशी लग्न करायचंय म्हणालीस आणि मी त्याला न भेटताच नकार दिला. वर, दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालून पोट भरणारा माणूस आपल्या घरात काय शोभणार, असंही बोलून गेलो. त्या विषयावर येतोच. आधी गॅरेजची बातमी, ती तुला आवडेल.

परवा एक जुनी गाडी आली. सायीच्या रंगाची, गोलसर पाठीची, तुझ्या आईच्या आणि माझ्या लग्नाच्याही आधीची. मालक मात्र तरुण, उंच, पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट. आजोबांची गाडी आहे, म्हणाला, स्टिअरिंग सैल झालंय. मी एक चक्कर मारून पाहिली. चाक चार बोटं फिरवलं तरी गाडीला पत्ता नाही. कचेरीत अर्ज दिल्यासारखं, आपण इकडून ढकलत राहायचं आणि तिकडे ढिम्म. आणि गंमत म्हणजे वळणावर तेच चाक आडमुठ्यासारखं अडून बसायचं. बॉनेट उघडलं तर स्टिअरिंगच्या डब्यावरचा स्क्रू कुणीतरी जीव खाऊन आवळलेला. हा पराक्रम कुणाचा, असं विचारलं तर मालकच लाजले. सैल आहे म्हटल्यावर दिसला तो स्क्रू आवळला, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, पँट सैल झाली म्हणून तुम्ही टाय आवळलात. त्यावर तो स्वतःलाच इतका खळखळून हसला की शेवटी त्याला उचकी लागली. स्वतःला हसणारं गिऱ्हाईक मला आवडतं. ते क्वचितच येतं.

सैलपणा शोधायला दोन माणसं लागतात हे तुला सांगायला नको. फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून तू माझ्यासाठी चाक हलवलं आहेस. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने वर बसून जेवढा सैलपणा आहे तेवढंच चाक डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोटं ठेवत जायचं. सांध्याच्या अलीकडे हललं आणि पलीकडे हललं नाही, की चोर तिथेच. परवा आमचे मिस्त्री जागेवर नव्हते आणि माझा गुडघा कुरकुरत होता, तसं मी त्याला सांगितलं. तर हा म्हणाला, मी जातो खाली. त्या शर्टात! मी पोतं अंथरून दिलं, पण शर्टाला त्याचा काय उपयोग?

आधी मी माझा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक डब्यावर, मूठ कानाला. त्याला चाक हलवायला सांगितलं आणि टक! स्वच्छ ऐकू आलं. डबाच गेलाय, मी निकाल देऊन टाकला. तरी रीत म्हणून तो खाली गेला, मी वर बसलो. थोड्या वेळाने खालून आवाज आला, काका, जरा हळू, दात हलतोय का ते बघायचंय, उपटायचा नाहीये. मग म्हणाला, डबा ठीक आहे, चाकाबरोबर त्याचा दांडा लगेच सरकतो. पण पलीकडच्या बाजूला ज्याच्या आधारावर तो दांडा पेललाय, तो हात आधी वर-खाली उड्या मारतो आणि मग बाजूला जातो. म्हणजे आयडलर आर्म. मी भडकलो. इतका वेळ अहो-जाहो चाललं होतं ते विसरून म्हटलं, अरे, हा कान आहे, भोंगा नाही! तो शांतपणे म्हणाला, कान बरोबर आहे काका, टक होतेच आहे, फक्त ती इथे होते आणि दांड्यावरून चालत तुमच्यापर्यंत येते. शेवटी मी स्वतः खाली शिरलो. बोटं ठेवली. खरं होतं गं! आतलं रबर खडूच्या चुऱ्यासारखं हातात आलं.

त्या रबराच्या जागी नवा बुश बसवला, बिचाऱ्या डब्याचा स्क्रू पूर्वीसारखा सैल केला, आणि गाडी नाकासमोर धावायला लागली. रात्री जेवताना तुझ्या आईला हे रंगवून सांगितलं. ती ताटावरून नजर न उचलता म्हणाली, घरात तरी वेगळं काय करता? सैल एकीकडे, आवळता भलतीकडे.

आता खरी गोष्ट. तू आईशी बोलतेस तेव्हा ती फोन स्पीकरवर ठेवते आणि तुझ्यामागे कुणीतरी हसत असतं, हसता हसता त्याला उचकी लागते. पेपरमागे कान उघडेच असतात, बाई! त्यामुळे परवा बॉनेटशी तो हसला तेव्हाच मी ओळखलं की हे गिऱ्हाईक तू पढवून पाठवलंयस. गुडघा मुळीच दुखत नव्हता. मिस्त्रींनाही मीच डोळ्यांनी खुणावून चहाला पिटाळलं होतं. म्हटलं, बघू तरी शर्ट जपतो की काम. त्याने काम जपलं. तरीही माझं मन तयार होत नव्हतं. मग तो हात धुवायला गेला. आपला नळ उलटा फिरतो आणि वर उचलून धरावा लागतो, नाहीतर नवा माणूस नखशिखान्त भिजतो. मी ओरडून सांगणार, तेवढ्यात त्याने तो उलटा फिरवला, अंगठ्याने वर उचलला, निवांत हात धुतले आणि बंद केला. घरातल्यासारखा. गॅरेज घेतलं त्या दिवशी मी तो उलटा बसवला, तुझी आई पोट धरून हसली, म्हणून मी तो कधी बदललाच नाही. ती गोष्ट तू त्याला सांगितलीस. बापाचा एवढा जुना गाढवपणा इतक्या मायेने कुणाला सांगावासा वाटतो, ते कळायला कान लागत नाहीत. माझा होकार आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मग माझीही पंचाईत झाली असती, म्हणून हे पत्र. रविवारी त्याला घेऊन ये, गॅरेजच्या नाही, घराच्या दाराने. येताना जुना शर्ट आणायला सांग, आईच्या गाडीचा ब्रेक जरा एका बाजूला ओढतोय. आणि गुडघ्याचं त्याला एवढ्यात सांगू नकोस, अजून बरीच कामं काढून घ्यायची आहेत.

तुझाच,
शेजारच्या खोलीतला बाबा