तळ्याकडच्या फाटकाचं कुलूप

मंगळवार, २ सप्टेंबर. सकाळी ९.४०
तळ्याकडच्या फाटकाला कुलूप. नवंकोरं, पितळी. पाटी: ‘पुढील सूचनेपर्यंत बंद.’ सूचना कोण देणार, कधी, काही नाही. हे वॉकर धरून तसेच उभे. स्ट्रोकनंतर यांना झेपेल असा एवढाच सपाट रस्ता. बाकी सगळीकडे चढ नाहीतर चिखल. म्हणाले, “बाकापर्यंत तरी?” बाक आतच आहे. परत आलो. यांनी चहासुद्धा घेतला नाही.

बुध. ३
ही जमीन ज्यांची, त्या इस्टेटच्या ऑफिसला फोन. मॅनेजर: “इट्स प्रायव्हेट लँड, माय लव्ह.” मी कुणाची लव्ह नाही. कॉव्हेंट्रीत तीस वर्षं गणित शिकवलं, असल्यांना डिटेन्शन दिलंय.

शुक्र. ५
टॅक्स ऑफिसच्या साइटवर सापडलं! इस्टेटचे थोरले मालक वारले तेव्हा फाटकाआतल्या या कुरणावरचा वारसा कर माफ झाला. अट अशी की जमीन आहे तशी राखायची आणि लोकांना पायी फिरू द्यायचं. मुलाने तसं लेखी दिलंय. माफीला माझी हरकत नाही. घरांच्या रांगांपेक्षा गवत केव्हाही बरं. पण सूट मालकांनी घ्यायची आणि कुलूप आम्ही बघायचं?
मैत्रिणीला, नलूला, फोनवर सगळं वाचून दाखवलं.
“अगं, कशाला त्या लॉर्डच्या नादी लागतेस?”
“लॉर्ड नाही गं, नुसता जमीनमालक.”
“मग लाग.”

रवि. ७
मॅनेजरची ईमेल, दोन ओळी. राखीव कुरणातली झाडंपानं लोक तोडून नेतात, म्हणून बंद. पुरावा म्हणून कॅमेऱ्यातला फोटो. निळा रेनकोट, कापडी पिशवी, वाकलेली बाई.
मी.
गणपतीचा आदला दिवस. पत्री गोळा करत होते. दूर्वा इथे कुठल्या, तसल्याच दिसणाऱ्या गवताच्या जुड्या बांधते. दर वर्षी. एकदाही मनात आलं नाही की...
यांना फोटो दाखवला. हल्ली शब्द सापडत नाहीत यांना. हा बरा सापडला. “चोर!” आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.
तरीही. मी पिशवीभर पानं नेली तर मला झापा. सगळ्या गावाला कुलूप कशाला?

मंगळ. ९
इस्टेटला पत्र रजिस्टर करून टाकलं. पहिला परिच्छेद कबुलीचा. आधी स्वतःचं सांगायचं ही कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली सवय जात नाही. पानं मी नेली, पुन्हा नेणार नाही. दुसऱ्यात त्यांची अट, त्यांच्याच शब्दांत. खाली: प्रत टॅक्स ऑफिसला.
नलू: “स्वतःची चोरी लिहून दिलीस? धन्य आहेस.”
दिली. आता त्यांनी लिहून द्यावं.
आज सकाळी यांनी आपले बूट स्वतः दाराशी आणून ठेवले. मी उचलले नाहीत.
पत्राचा शेवट असा: फाटक कोणत्या तारखेला उघडणार, नसेल तर कोणत्या हक्काने बंद, ते लेखी हवं. फोन नको, माय लव्ह नको. शुक्रवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत.