जोडी म्हणजे एकच नाव

प्रिय मोसंबी,

हो, मोसंबीच. रागावलीस तरी चालेल, नाही तरी तीन महिने रागावलेलीच आहेस. फोन उचलत नाहीस, माझ्या मेसेजला एकच टिक येते, आणि त्यात आपल्या कुस्ती कंपनीचा नियम, की ‘वादळ’ शोची पोरगी ‘वणवा’ शोच्या पोरीशी बोलताना कुठे दिसता कामा नये. प्रेक्षकांचा विश्वास उडतो म्हणे. म्हणून हे पत्र. मीनाताई दोन्ही शोचे कपडे शिवते, तिला कुणी अडवत नाही. तुझ्या उद्याच्या ड्रेसच्या घडीत तिने हे घालून दिलं असेल. ड्रेस निळा आहे ना? तुझं पिवळं कापड अजून चांगलं दोन मीटर पडलंय, पण वीरेंद्र सरांनी नको म्हटलं, असं ती सांगत होती. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, फक्त वाचून फाड.

आज दुपारी मोहगावला तुझ्या घरी जाऊन आले. तू नागपूरला सरावाला गेली आहेस हे माहीत असूनच गेले, उगाच खोटं कशाला बोलू. कापसाची खोली यंदाही छतापर्यंत भरली आहे. दाराशी उभी राहिले आणि अंगाला खाज सुटली बघ. आठवीत होतो आपण. टीव्हीवर त्या तिकडच्या गोऱ्या पहिलवानांची कुस्ती पाहायची आणि दुपारी काकू लवंडल्या की धान्याच्या कोठीवर चढून कापसात उड्या टाकायच्या. मग एकमेकींना उचलून आपटायचं. तोंड कापसात बुडालं की बोलता येत नसे, म्हणून तू खूण काढलीस. हात दोनदा दाबला की ठीक आहे, चालू दे. एकदा दाबला की थांब. पुढे कंपनीत आलो तेव्हा कळलं की या धंद्यात सगळीकडे उलटं आहे. एकदा दाबलं की सगळं ठीक. ट्रेनर सरांनी आपल्याला बदलायला सांगितलं, आपण माना डोलावल्या आणि काही बदललं नाही. आपल्याला काय, एकमेकींशिवाय कुणाच्या हाती जायचं होतं?

पहिली कुस्ती लोधीखेड्याच्या बाजाराच्या मैदानात. मी नारंगी, तू पिवळीजर्द, मीनाताईला त्या दिवशी जे कापड मिळालं ते. आपल्याला नावंसुद्धा धड ठेवली नव्हती. आणि मागून कुणी तरी ओरडलं, “अबे, हे तं संत्रा अन् मोसंबी होय!” अख्खं मैदान हसलं. तू आधी चिडलीस, मग रिंगणातूनच त्याला वाकून नमस्कार केलास, आणि त्या दिवसापासून पोस्टरवर मधे एक छोटी रेघ टाकून तेच नाव आलं. सहा वर्षं. संत्रा-मोसंबी. एकीची कुस्ती आहे आणि दुसरी दोराबाहेर हात पुढे करून उभी नाही, असं एकदाही झालं नाही. माझा गुडघा सुजला होता ते दोन महिने तू एकटीने जवळपास सगळी कुस्ती ओढलीस आणि टाळ्यांच्या वेळी मला मधे ढकललंस. हे मी विसरले असं तुला वाटत असेल तर तू मला ओळखतच नाहीस.

आता ती वाटणी. बाकीचे ड्राफ्ट म्हणतात, मी वाटणीच म्हणते. कंपनीने एकाचे दोन शो केले, शुक्रवारचा ‘वादळ’ आणि रविवारचा ‘वणवा’, आणि ऑक्टोबरात नागपूरच्या त्या हॉलमध्ये आपल्या सगळ्यांना बाकांवर बसवलं. एक नाव ‘वादळ’ने पुकारायचं, मग एक ‘वणवा’ने. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, जोडी म्हणजे एकच नाव. तू ते वाचून मला कोपर मारलंस आणि म्हणालीस, “पाह्य, आपण दोघी मिळून एक होय.” त्याच्या खाली बारीक अक्षरात होतं, शोला जोडीतला एकच हवा असेल तर तसं सांगावं लागेल. ते तू वाचलं नाहीस. तिसऱ्या खेपेला ‘वादळ’ने “संत्रा” असं पुकारलं. मी उठले, आणि तूही उठलीस, सवयीने. दोन पावलं माझ्यासोबत चाललीस. मग माइकवरचा तो हसला आणि म्हणाला, नाही नाही, फक्त संत्रा.

तू परत जाऊन बसलीस ते मी पाहिलं. एकेक बाक रिकामं होत गेलं तेही पाहिलं. शेवटी ज्यांना कुणीच मागत नाही त्यांच्यासाठी कंपनीचा शब्द आहे, शिल्लक. शिल्लक माणूस घरी बसतो आणि फोनची वाट पाहतो. ‘वणवा’ने तुला सगळ्यांत शेवटी घेतलं, तेही नाव पुकारून नाही, नुसती मान हलवून. आणि मालक वीरेंद्र सर, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतःच हसणारे, म्हणाले, “संत्र्याले गावोगावी मागणी हाय. मोसंबी तं काय, दवाखान्यातच चालते.” सगळे हसले. मीसुद्धा हसल्यासारखं तोंड केलं, प्रणाली. ते तोंड मला अजून माझं वाटत नाही.

आता त्याच सरांना आपण दोघी पुन्हा एका पोस्टरवर हव्या आहेत, पण समोरासमोर. दोन्ही शोची एकत्र कुस्ती, रिकामा पडलेला विजेतेपदाचा पट्टा, उद्या दुपारी, पांढुर्ण्याच्या मैदानावर. ‘सौंसर विरुद्ध पांढुर्णा’ असे फलक लागलेत. अगं, तू मोहगावची, मोहगाव सौंसर तहसिलीत, आणि तुला पांढुर्ण्याची केली! पांढुर्णा नवा जिल्हा झाला म्हणून आता आपली गावंसुद्धा हेच वाटणार. मी सरांना म्हटलं तर म्हणतात, “इथल्या लोकायले दोन बाजू लागतेत. गोटमार पाह्यली नाही का मी?” मी म्हटलं, सर, तुम्ही दुपारची पाहिली. संध्याकाळी काय होतं ते पाहायला थांबला नसाल. पांढुर्णा आणि सावरगाव, नदीतल्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर दगड फेकणारे दोन्ही काठ तोच झेंडा घेऊन सोबतच चंडीच्या देवळात जातात, आणि पुढच्या महिन्यात एकमेकांकडे सोयरिकी काढतात. त्यांना ते काही समजलं नाही. त्यांनी मला उद्याचा, आधीच ठरवलेला शेवट समजावून सांगितला. चौथ्या मिनिटाला मी तुला खांद्यावर घेऊन डावीकडे फेकायचं, चीत करायचं, आणि पट्टा मी उचलायचा.

डावीकडे. तुझ्या त्याच दुखऱ्या खांद्यावर. सरांना माहीत नाही, कारण तू वरच्या कुणाला कळू दिलं नाहीस. पण मी डिसेंबरातला तो रविवार घरी टीव्हीवर पाहत होते. ती उंच सोनाली तुला डोक्यावर उचलून उभी होती, तुझी पकड सुटली होती, आणि सगळे तिचे दंड पाहत होते. मी तुझा हात पाहिला. तू तिचं मनगट एकदा दाबलंस. एकदा! मी पलंगावरून उठून टीव्हीला ओरडले, थांब, तिला खाली ठेव. पण सोनालीला बिचारीला काय माहीत, तिला शिकवलेलं की एकदा म्हणजे ठीक, चालू दे. तिने चालू दिलं, आणि तू डाव्या खांद्यावर आदळलीस. तुझा खांदा माझ्या आणि तुझ्या मूर्खपणाने गेलाय, त्या कापसाच्या खोलीतल्या खुणेने. तिला दोष देऊ नकोस, ती रडत होती असं मीनाताई म्हणाली.

आज पुंडलिककाका संत्र्याच्या पेट्यांना खिळे मारत होते. मला पाहून थांबले, पाणी मागवलं, आणि मग हळूच म्हणाले, “बाई, माह्या पोरीले हात वर करून केस इंचरता येत नाही. आईच इंचरून देऊन राहिली. डॉक्टर म्हणते अजून एकडाव पडली तं हात कामातून जाईन. अन् हे म्हणते, उद्या लढतो. काऊन, तं म्हणे नाही लढली तर शिल्लक होईन. थे काय असते वो शिल्लक?” प्रेमलताकाकूंनी मला जेवायला बसवलं. जाताना पिशवीत मोसंब्या घातल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं गं, घरात होत्या म्हणून दिल्या. पण मी बसस्टॉपपर्यंत ती पिशवी छातीशी धरून आले आणि जामसावळीच्या फाट्यापर्यंत बसमध्ये रडले. शेजारच्या बाईला वाटलं मी माहेराहून निघाले आहे.

आता ते, जे तीन महिने लिहायचं टाळलं. मला आधी माहीत होतं. वाटणीच्या दोन दिवस आधी सरांनी बोलावून सांगितलं होतं, ‘वादळ’ला एकटी संत्रा पाहिजे, कुणाला बोलू नकोस, आश्चर्य टिकलं पाहिजे. मी तुझ्यासोबत डबा खाल्ला, एकाच बसने आले, एकाच बाकावर बसले, तू मला कोपर मारून “एक होय” म्हणालीस तेव्हाही गप्प बसले. मला मोठं व्हायचं होतं. एकदा तरी रेघेशिवाय माझं नाव लागावं असं वाटलं होतं. लागलं. तुला जे वाटत होतं ते खरं आहे, आणि तू फोन उचलत नाहीस ते बरोबरच आहे. मी हात जोडून रडत बसणार नाही, माझा स्वभाव तुला माहीत आहे. पण तेव्हा सरांनी सांगितलं म्हणून गप्प बसले, आणि उद्या सरांनी सांगितलं म्हणून तुझा हात मोडेन, हे माझ्याकडून होणार नाही. कंपनीने नावं वाटावी, शो वाटावे, गावं वाटावी. मी कुणाला कुठे फेकायचं हे मी ठरवेन.

म्हणून नीट वाच. या कंपनीचे दोन नियम आहेत, आणि एका लाडक्या पहिलवानाचा घोटा मोडला तेव्हा वीरेंद्र सरांनीच दोन्ही लिहिले. ज्याच्याकडे पट्टा आहे त्याचं नाव वाटणीत घालायचं नाही. आणि पट्टेवाला दुखापतीने बसला तर तीन महिने पट्टा त्याच्याकडेच राहील, कामावरून काढायचं नाही. म्हणजे पट्टा तुझ्याकडे आला की तुला कुणी शिल्लक करू शकत नाही. तुला तीन महिने हवेत, डॉक्टरही तेवढेच सांगतो, काकांना विचारलं मी. उद्याची कुस्ती थेट दाखवणार आहेत, पुन्हा खेळवता येणार नाही. रेफरी अतुल आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही, पण दोन खांदे टेकलेले दिसले की त्याचा हात मोजायला पडतोच. चौथ्या मिनिटाला मी तुला उचलायला वाकेन आणि तुझा उजवा हात धरून एकदा दाबेन. बाकी जगात त्याचा अर्थ काही का असेना, तू थांब. हलू नकोस, कसरत करू नकोस. मी माझी पाठीवर पडते, अख्ख्या पांढुर्ण्यासमोर, माझ्या सौंसरच्या माणसांसमोर, संत्र्याच्या सगळ्या मागणीसमोर. तू फक्त चांगल्या कुशीवर माझ्यावर आडवी हो आणि अतुलला तीन मोजू दे. मला शिल्लक करतील, करू देत. मोहगावला पेट्यांना खिळे मारायला माणूस लागतोच. तीन मोजून होईपर्यंत माझा हात तुझ्या हाताखाली असेल. मला माफ केलं असशील तर दोनदा दाब. नाही दाबलास तरी मी खांदे उचलणार नाही.

तुझीच, त्या रेघेच्या अलीकडची,
अमिता