शेगडीवरचं दूध आणि जाड पुस्तक

आई, तुझी पणती सध्या माझ्याकडे राहून शिकते आहे. शाळा सोडली तिनं. नापास झाली म्हणून नाही, उलट कायम पहिल्या पाचात असायची. दहावीनंतर तिला भिलाईतल्या एका कोचिंगात घातलं आणि तिथल्या टेस्टांनी पोरीची पार कणीक तिंबली. टेस्टच्या सकाळी ओकायची. शेवटी माझ्या लेकानं तिचं नाव काढलं, घरी अभ्यास करून प्रायव्हेट परीक्षा द्यायची असं ठरवलं आणि तिला कपड्यांच्या बॅगेसकट माझ्या पद्मनाभपूरच्या घरी आणून सोडलं. "जन्मभर लोकांच्या पोरांना गणित शिकवलंस, आता घरच्या पोरीला शिकव," म्हणाला. आणि चपला घालता घालता, "फार खोलात नको जाऊस आई, बोर्डापुरतं बस." जसं काही मी विहीर खणायला बसले होते.

टेबलावर दोन पुस्तकं पडली आहेत. एक त्यानं मागवलेलं पातळसं. प्रत्येक गणित सोडवून दिलेलं, सूत्रं रंगीत चौकटीत, पाठ करा आणि मोकळे व्हा. दुसरं मी दुकानात अर्धा दिवस घालवून निवडलेलं. जाडजूड, उदाहरणं थोडी, प्रश्न ढीगभर आणि मागे उत्तरं नाहीत. पोर त्या जाड पुस्तकाकडे साप दिसल्यासारखी बघते. "आजी, ये वाला नको ना, प्लीज. सोपंवालं शिकव." दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी दोन शब्द सुनावून बसवली असती. हिच्यापुढे माझी जीभच उचलत नाही. सोपं दिलं तर पास होईल आणि गणिताला जन्मभर भिऊन राहील. अवघड दिलं आणि पुन्हा ओकायला लागली तर? म्हणून तुला विचारते आहे. तू उत्तर देणार नाहीस हे माहीत आहे. होतीस तेव्हा तरी कुठं सरळ उत्तर द्यायचीस?

बाबा रेल्वेतून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या यार्डात आले आणि आपण दुर्गची चाळ सोडून सेक्टर सहाच्या क्वार्टरात राहायला आलो, ते दिवस मला कालचे वाटतात. सगळीकडे खणून ठेवलेलं, लाल धूळ भाताच्या पातेल्यापर्यंत यायची, आणि तू दिवसातून दहादा ओटा पुसत प्लांटच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचीस. माझ्या शाळेत मुलींना नववीपासून गणिताच्या जागी गृहविज्ञान होतं. तू मला घेऊन मुख्याध्यापिकेकडे, बडी बहनजींकडे गेलीस. त्या हसल्या. "अरे, लड़की को इतना गणित क्या करना है?" तुझं हिंदी तेव्हा कच्चं होतं, तरी तू ठणकावलंस, "आप नहीं सिखाते, तो मैं घर में सिखाऊँगी." बाहेर पडल्यावर मी लाजेनं मेले. चौथी शिकलेली बाई, आणि मॅट्रिकचं गणित घरी शिकवणार! बाबांनी ऐकलं तर ताटावरूनच म्हणाले, "आता तू मास्तरीण होऊन राहिली का?" तू त्यांना आणखी एक भाकर वाढलीस आणि म्हणालीस, "रेल्वेचा पास हाये ना अजून तुमच्यापाशी? नागपूरले जा आन् गणिताची पुस्तकं आणा. एक सोपं, एक कठीण."

त्यांनी आणली. एक गाईड आणि एक जाड पुस्तक. तू दोन्ही उलटसुलट करून पाहिलीस, जाड पुस्तक तर वांगं दाबून बघावं तसं दाबून पाहिलंस, आणि फळीवर ठेवलीस. दुसऱ्या दिवशी राऊत दूध घालून गेला तेव्हा पातेलं शेगडीवर चढवलंस, मला शेजारी पाटावर बसवलंस, हातात गाईड दिलंस. "वाच. आन् दुधाकडे लक्ष ठेव." मी वाचलं, दूध वर आलं तेव्हा चिमट्यानं उतरवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मग तू जाड पुस्तक दिलंस. त्यात एका त्रिकोणापाशी मी अडकले. हे कोन सारखे असायलाच हवेत असं दिसत होतं, पण का ते काही केल्या सापडेना. मी जमिनीवर कोळशानं आकृती काढली, पुसली, पुन्हा काढली. आणि एकदम जळका वास आला. दूध उतू जाऊन निखारे चरचरत होते, अर्धं पातेलं रिकामं. मी वर पाहिलं तर तू दारात उभी. पदर खोचलेला, हात कमरेवर. किती वेळ उभी होतीस कोण जाणे. आता पाठीत धपाटा बसणार म्हणून मी मान आत घेतली. तू म्हणालीस, "हेच पुस्तक ठेवू." त्या दिवशी बाबांनी कोरा चहा प्यायला आणि तू शेजारणीला कुंपणावरून सांगत होतीस, "गाईड वाचताना पोरगी दुधाले विसरली नाही ना बाई. या पुस्तकात गेली, त माघारी यायचं भानच नाही तिले."

मग सुरू झालं तुझं 'कावून'. तू पोळ्या लाटायचीस आणि मी समोर बसून पुस्तकातलं तुला समजवायचं. तुला आकडे पुढचे कळत नव्हते, पण मी कुठं ठोकून दिलं ते बरोबर कळायचं. माझा आवाज पडायचा म्हणे. लाटणं थांबायचं. "हे कावून?" "पुस्तकात लिहिलंय म्हणून." "पुस्तकात त कोणी काहीबी लिहीन. तुले पटलं काय, थे सांग." कधी कधी तुझा असा संताप यायचा की मी वही भिरकावून द्यायची. तू वही उचलायचीस, पीठ झटकायचीस, परत माझ्यापुढे ठेवायचीस. आज पायऱ्या तपासताना माझ्या तोंडून 'का?' निघतं ना, तेव्हा मला कणकेचा वास येतो. खरं सांगते.

पण गणित घेऊन मॅट्रिकला बाहेरून बसले आणि नापास झाले, आई. हे आपण दोघी नंतर कधी बोललो नाही. प्रत्येक पायरीला कारण लिहीत बसले, आणि घंटा झाली तेव्हा अर्धा पेपर कोरा होता. बाबांनी वर्तमानपत्रातले निकालाचे नंबर पुन्हा पुन्हा वाचले, मग पेपर घडी घालून ठेवला. "हौस फिटली?" एवढंच म्हणाले, तेही तुला. वर्ध्याहून मावशी स्थळ घेऊन आली होती, ती नापास ऐकून तोंड वाकडं करून गेली. मी तुझ्यापुढे उभी राहून ओरडले, "तू माझं वर्ष खाल्लंस! गाईड दे मला." तू गाईड फळीवरून काढलंस आणि मला वाटलं, हरली एकदाची. तू त्याची पानं सुटी केलीस आणि एकेक करून डाळ-तांदळाच्या डब्यांखाली अंथरलीस. "वर्ष खाल्लं त खाल्लं. आता घड्याळ लावून बस. पुस्तक थेच."

पुढच्या वर्षी पास झाले, तेही गणितात चांगले मार्क घेऊन. पुढे मीच गणिताची मास्तरीण झाले, सगळं झालं. लोक म्हणतात, आईनं घडवलं. म्हणोत. पण त्या मधल्या वर्षात मी तुझा खूप राग केला, आणि तो पुरता गेला असं अजून म्हणवत नाही. तू जुगार खेळलीस, आणि डावावर मी होते. मी दुसऱ्यांदाही नापास झाले असते तर तू काय केलं असतंस? शपथेवर सांग, तुला तेव्हा भीती नव्हती वाटत? की दारात पाठमोरी होऊन रडायचीस आणि मला कधी दिसू दिलं नाहीस?

हसशील, पण परवापासून मी पोरीला स्वयंपाकघरात बसवते आहे. गॅसवर दूध, हातात पुस्तक. परवा पातळ पुस्तक दिलं. तिनं वेळेवर उठून गॅस बंद केला. काल जाड दिलं. तरीही उठली, खरं तर दूध तापायच्या आधीच दोनदा उठून बघून आली. भ्यालेल्या लेकराचे कान सारखे बाहेरच असतात. मी मनात म्हटलं, आई, तुझी परीक्षा या काळात चालत नाही. आज चहाच्या वेळेला पुन्हा बसवलं. म्हटलं, एकच सोडव, आणि का ते मला सांग. तिनं आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. मग स्वतःशीच पुटपुटली, "अरे, पर क्यों?" दूध वर यायला लागलं. तिची मान खाली. साय फुगली, काठाला आली, तरी तिची मान खालीच. मी ओट्याशी उभी होते, तू दारात होतीस तशीच. आणखी एक श्वास थांबले असते तर कळलं असतं.

जाड पुस्तक मी ठेवून घेतलं आहे. लेकाला फोन करून सांगितलंही. तो चिडला आहे. हा कागद कुठं टाकायचा, तुझा पत्ता कुणाकडे आहे? डाळीच्या डब्याखाली अंथरते, तुझ्या गाईडासारखा. पण तुला म्हणून सांगते, तिला सांगितलेलं नाही: दूध उतू जायच्या आधी माझा हात पुढे गेला. गॅस मी बंद केला, आई. मला नाही थांबवलं.