तुझ्या आवाजावर उपटलेली पऱ्हाटी

उंद्री,
दि. ५ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणा हीस,
आत्याचा आशीर्वाद. द्यायची रीत आहे म्हणून दिला. मनातून आज काही निघत नाही.

फोन करू नकोस. तुझा नंबर मी बंद करून टाकला आहे. फोनवर मी तापले की नेमकं तुझं नेटवर्क जातं. पत्राचं तसं नसतं, ते शेवटपर्यंत वाचावं लागतं.

विहिरीकडच्या वावरातली आपली पऱ्हाटी तुला माहीत आहे. यंदा असा कापूस उंद्रीत दुसऱ्या कुणाचा नव्हता. हे मी म्हणत नाही, रस्त्यानं जाणारे म्हणत होते. जुलै सरता सरता पानं बिघडायला लागली. पंजासारखं रुंद पान बारीक होत होत भेंडीच्या पानासारखं बोटाबोटांचं झालं, शेंडे वेडेवाकडे झाले. मी घाबरले. तुझे गणेशकाका, म्हणजे माझे धाकटे दीर, त्यांचं वावर आमच्या धुऱ्याच्या बांधाला लागूनच आहे. ते म्हणाले, वहिनी, भेऊन काऊन राह्यल्या, आपल्या प्रेरणाचं रोग ओळखायचं ॲप हाये ना.

रविवारी वावरात सगळे जमले. आमच्या कापूस गटाचे अध्यक्ष उत्तमरावही आले. भावजींनी मोबाईल काढला आणि माझ्या वावरात तुझा आवाज आला. पान वर वळलं का खाली, ते पाह्य माय. शिरा जाड दिसून राह्यल्या का. आता या चित्रातलं कोणतं जुळते, त्याच्यावर बोट ठेव. एकेक उत्तर दिलं की यादीतला एकेक रोग गळत होता. मला तर क्षणभर तुझं कौतुकच वाटलं. शेवटी एकच रोग उरला. तू म्हणालीस, हा विषाणूचा रोग असू शकते, पांढरी माशी पसरवते, रोगट झाडं उपटून गाडून टाका, अन् शेजाऱ्याईले सांगा.

शेजारी तिथंच उभे होते. सांगायचं काय राहिलं? माझ्या डोळ्यांदेखत अर्धं वावर उपटलं. मी आडवी आले तर भावजी म्हणाले, वहिनी, तुमच्याच घरच्या पोरीनं सांगतलं, आता आमच्यावर काऊन चिडता. तुझे मामाजी, म्हणजे आमचे हे, नेहमीसारखे दोन्ही बाजूंनी मान हलवत होते. सध्या मजूर मिळत नाहीत म्हणून उरलेली पऱ्हाटी पोळा झाल्यावर उपटायची, असा गटाचा ठराव झाला आहे.

सातवीपासून बारावीपर्यंत तू माझ्या घरी राहिलीस. ही बोली तू माझ्या चुलीपुढं शिकलीस आणि तीच घेऊन माझ्या मुळावर उठलीस. त्या मोबाईलमध्ये दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर मी एकालाही झाडाला हात लावू दिला नसता, प्रेरणा. तुझा होता म्हणून मी बाजूला झाले.

लोभ कुठं गेलेला नाही, पण सध्या तो माळ्यावर टाकून ठेवला आहे.

तुझी आत्या
कोकिळा


नागपूर,
दि. ९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. मामाजींना फोन केला तर ते हळूच म्हणाले, तुह्या आत्यानं मोबाईल ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवला अन् माह्याही फोनवर तुहं नाव घेऊ देत नाही, तू कागदच धाड. म्हणून हा कागद.

तू चिडलीस हे बरोबर आहे. पण मीही चिडले आहे, तेही ऐकून घे. आमची ही ओळख-पद्धत म्हणजे काही कोर्ट नव्हे. ती फक्त विचारते आणि तुम्ही जे दिसतं म्हणून सांगता त्यावरून एकेक शक्यता बाजूला काढते. रोग असू शकतो एवढंच ती म्हणते. शेवटी एक ओळसुद्धा येते की झाडं उपटण्याआधी तज्ज्ञाला दाखवा. ती कुणी वाचली? आणि उत्तरं दिली कुणी, तर गणेशकाकांनी! त्यांना मागच्या दिवाळीपर्यंत मावा कोणता आणि तुडतुडा कोणता हे सांगता येत नव्हतं. शिरा जाड आहेत हे त्यांनी चष्मा लावून पाहिलं की अंदाजानं ठोकून दिलं, देव जाणे.

दोन वर्षं मी यावर राबले. प्रश्न आपल्या बोलीत यावेत म्हणून संस्थेत भांडले. तिथल्या पुण्याच्या एक बाई हसल्या होत्या माझ्या उच्चारांना. लोकांना आपलं वाटावं एवढंच माझ्या मनात होतं, आणि तू म्हणतेस मी मुळावर उठले.

असो. आता रागातच, पण नीट सांग. बिघाड सगळ्या वावरात सारखा आहे की कुठं कमी, कुठं जास्त? त्याआधी काय फवारलं होतं? कशानं फवारलं? दोन-तीन पानं जुन्या वर्तमानपत्रात दाबून पाठव. आणि पोळ्याला काय ठरलंय ते ठरू दे, एकही झाड उपटू देऊ नकोस.

माझ्यावरचा राग ठेव, पण लोभालाही थोडी जागा असू दे.

तुझी
प्रेरणा


उंद्री,
दि. १३ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणा हीस,
आशीर्वाद.

ती शेवटची ओळ मला सांगू नकोस. उपटा हे तू बोलून सांगितलंस आणि थांबा हे बारीक अक्षरात लिहून ठेवलंस. भर उन्हात, मोबाईलवर हात आडवा धरून, कोण वाचणार होतं ते? बोलायचंच होतं तर तेही बोलायचं होतंस.

इथं माझी काय गत झाली ते ऐक. गटातली कलाबाई माझ्या वावरातून जाताना पदर झटकते, जशी काही पांढरी माशी माझ्या लुगड्यावर बसलेली आहे. गटाच्या बायका मला त्यांच्या धुऱ्यावरून जाऊ देत नाहीत. पंचवीस वर्षं ज्यांच्याबरोबर निंदण केलं त्या या. उत्तमराव म्हणतात, तुमच्या एकटीपायी साऱ्या गावची पऱ्हाटी जाईन.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. बिघाड सारखा नाही. विहिरीपासच्या तासांत, पहिल्या ओळींत, सगळ्यांत जास्त, पुढं पुढं कमी, आणि नाल्याच्या कडेची पऱ्हाटी तर चांगली हिरवीगार आहे. त्यांनी उपटली ती विहिरीकडचीच. फवारा तुडतुड्यांवर मारला होता, दरवर्षीचंच औषध. सुरुवात विहिरीपासूनच केली, पाणी तिथं आहे म्हणून. फवारणीचा पंप आपलाच.

त्या पंपावरून आठवलं आणि जीव अजूनच जळला. फवाऱ्याच्या आदल्या आठवड्यात पंप गणेशभावजींकडे होता. परत द्यायला माझी जाऊ पुष्पांजली स्वतः आली. आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, तुला माहीत आहे. तिनं पंपाच्या पट्ट्याला अंबाडीची जुडी आणि चार काकड्या बांधून आणल्या होत्या. मला किती बरं वाटलं. आणि परत आलेली वस्तू देणाऱ्यासमोर धुवायची नाही, तो त्याचा अपमान, हे माझ्या सासूबाईंनी आम्हा दोघींना एकाच दिवशी शिकवलं होतं. ती तर त्या दिवशी वावरातच थांबली, माझ्याबरोबर फवाऱ्याचं पाणी काढू लागली. मी पंप तसाच भरला. इतक्या मायेनं वागणारी माणसं दोन आठवड्यांत माझी पऱ्हाटी उपटायला सगळ्यांत पुढं! माणसाचं काही खरं नाही.

पानं पाठवली आहेत. बघून घे काय केलंस ते.

लोभ अजून माळ्यावरच आहे.

आत्या


नागपूर,
दि. १६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पानं पाहिली. तुझं पत्र परत वाचलं. आत्या, हा रोग नाही. हे तणनाशक आहे.

गणेशकाकांनी तुझ्या पंपानं काय मारलं ते पुष्पांजलीकाकूला विचार. माझी खात्री आहे की धुऱ्यावरचं गवत मारलं. पऱ्हाटीला त्या औषधाचा थेंब पुरतो, पान असंच बोटाबोटांचं होतं. म्हणून तर पहिला पंप जिथं रिकामा झाला तिथं सगळ्यांत जास्त, आणि पंप आपोआप धुतला गेला तसं पुढं कमी. विषाणू काही विहिरीपासून तास धरून चालत जात नाही. हे कुणाला लागणारं नाही. कलाबाईला सांग, पदर झटकू नकोस म्हणावं.

आमच्या यादीत हे का नव्हतं, ते वाचून तू अजून चिडशील. या पद्धतीत कुठूनही आत शिरा, बाहेर पडायला दारं दोनच, कीड नाहीतर रोग. माणसाच्या हातून झालेल्या नुकसानाला दार ठेवलेलंच नाही. आज संस्थेच्या साहेबांसमोर तुझी पानं ठेवली. ते म्हणाले, आपला विषय कीड आणि रोग, पंप कुणी धुतला नाही हा आपला विषय नाही, शेतकऱ्यांनी साधन नीट वापरलं नाही असं लिहून द्या. मी म्हटलं, लिहून देणार नाही. तो आवाज माझा आहे, तुमचा नाही. त्यावर बराच आरडाओरडा झाला. उद्यापासून मला दुसऱ्या जिल्ह्यात प्रशिक्षणाला पाठवताहेत, नाहीतर मी आजच एस.टी. धरली असती.

उत्तमरावांना फोन केला. त्यांना लेखी हवं आहे. संस्थेच्या कागदावर साहेब सही करत नाहीत, म्हणून सोबत माझ्या नावानं, माझ्या सहीनं वेगळा कागद जोडला आहे. तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गटासमोर मोठ्यानं वाचून दाखव. उरलेल्या झाडांचे बिघडलेले शेंडे खुड, पाण्याचा ताण पडू देऊ नकोस. ती सावरतील.

जी उपटली तीही सावरली असती, आत्या. हे तुझ्यापासून लपवणार नाही.

माझ्यावर लोभ ठेवायचा की नाही ते यानंतर तूच ठरव.

तुझी
प्रेरणा


उंद्री,
दि. २५ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणा हीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. हे मनातून आहेत.

तुझा कागद वाचला गेला. मी वाचायला कागद उघडला. तेव्हा तुझे मामाजी उठले, माझ्या हातून कागद घेतला आणि खणखणीत वाचला. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्या माणसाला एका बाजूनं उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

वाचून झाल्यावर सगळे गणेशभावजींकडे बघायला लागले. ते म्हणाले, धुऱ्यावर गवताचं औषध मारलं खरं, पण पंप पाण्यानं खंगाळला होता. मी विचारलं, मग माझी पऱ्हाटी बिघडलेली पाहून तुम्हाला एकदाही आठवलं नाही? त्यावर काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, आठोलं होतं वहिनी, पण त्या ॲपनं मले इचारलंच नाही.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी घरी गेले, पंप घेऊन आले आणि त्या सगळ्यांसमोर, भावजींच्या पुढ्यात, हापशीवर धुवायला बसले. साबण लावून धुतला. पाणी ओतलं, परत भरलं, परत ओतलं. नळी काढून धुतली. सासूबाई असत्या तर त्यांनी मला घरात घेतलं नसतं. मग पुष्पांजली उठून आली. ती रडत होती. मला वाटलं पंप ओढून घेईल, पण ती हापशी हाणायला लागली. मी तिच्याशी अजून बोललेली नाही. बोलेन.

उत्तमरावांनी ठराव मागं घेतला. उरलेली पऱ्हाटी उभी आहे, शेंडे खुडले आहेत. कलाबाई माझ्या वावरातून पदर न झटकता गेली, पण माफी मागितली नाही. मीही तिला थांबवलं नाही.

आता तुझ्या कामाचं. मोबाईल ज्वारीतून काढला आहे. तुझ्या साहेबांना सांग, दार ठेवायचंच आहे. आणि तिथला प्रश्न तुझ्या आवाजात नको. तुझा आवाज फार गोड आहे, लोक ऐकतात आणि उपटतात. तो माझ्या आवाजात घे. मी बोलून पाठवते: पयले हे सांगा, पंप कोणाच्या घरून आला अन् त्यात आधी काय होतं? खोटं बोलू नका. साहेब शेवटचे शब्द काढायला सांगतील. काढू देऊ नकोस.

राग उतरलेला नाही. तुझ्यावरचाही थोडा शिल्लक आहे. पण लोभ माळ्यावरून खाली काढला, धूळ झटकली. दिवाळीला येऊन घेऊन जा.

तुझीच आत्या
कोकिळा

ता. क. उपटलेल्या ढिगातलं एक झाड विहिरीच्या चिखलात पडलं होतं. त्याला नवं पान फुटलं, पंजाएवढं रुंद, सरळ. मी ते मुळासकट नेऊन गणेशभावजींच्या ओसरीवर ठेवलं आणि परत आले.